जुमेरातचा हिशेब

गुरुवारला आपल्या घरांत आजही जुमेरात म्हणतात. इस्लामी कालगणनेत सूर्य मावळला की नवा दिवस सुरू होतो. त्यामुळे जुमेरातची मगरीब झाली की सरता आठवडा संपतो आणि जुम्याची रात्र लागते. असर व मगरीबच्या मधला तेवढा तास-दीड तास मी गेली काही वर्षे हिशेबासाठी राखून ठेवला आहे. हिशेब पैशांचा नव्हे. त्याला आपल्याकडे मुहासबा असा शब्द आहे.

ही सवय मला ग्रंथांतून लागली असे म्हणालो तर ते पूर्ण खरे होणार नाही. माझे वडील जालन्याच्या मोंढ्यात एका अडत दुकानावर मुनीम होते. रोजकीर्द मिळाल्याशिवाय ते दुकानातून उठत नसत. एकदा रोकड चार आण्यांनी जास्त निघाली. रात्रीचे दहा वाजले तरी ते घरी आले नाहीत, म्हणून आईने मला दुकानावर पाठविले. चार आण्यांसाठी एवढा वेळ कशाला, असे मी विचारले. ते म्हणाले, "कमी पडले असते तर माझ्या खिशातून भरून आलो असतो. जास्त निघाले आहेत, म्हणजे कोणाचे तरी आपल्याकडे राहिले आहेत." त्या वेळी मला हा कारकुनी काटेकोरपणा वाटला होता. पुढे इमाम गजाली (रह.) यांच्या 'इहया'मध्ये मुहासब्याचे प्रकरण वाचनात आले. तेथे त्यांनी माणसाच्या आत्मपरीक्षणाला व्यापाऱ्याचीच उपमा दिली आहे. व्यापारी आपल्या भागीदाराशी आधी अटी ठरवितो, मग त्याच्यावर लक्ष ठेवतो आणि शेवटी त्याच्याकडून पै-पैचा हिशेब घेतो; माणसाने आपल्या नफ्सशी तसेच वागावे. नऊशे वर्षांपूर्वीच्या त्या थोर विद्वानाला आमचा मोंढा ठाऊक नव्हता, पण मोंढ्यातल्या मुनिमाला त्यांचे म्हणणे चटकन कळले असते. ह. उमर (रजि.) हेही लोकांना सांगत असत की, तुमचा हिशेब घेतला जाण्यापूर्वी तुम्हीच तो घ्या. आणि या सर्वांच्या मुळाशी सूरह हश्रची अठरावी आयत आहे. उद्यासाठी आपण पुढे काय पाठविले, ते प्रत्येकाने पाहावे, अशी आज्ञा तीत श्रद्धावंतांना दिली आहे.

या आठवड्याची माझी वही उघडली तर तीत काय आहे? गल्लीतल्या दोन मुलांना अपूर्णांक शिकविले. त्यांपैकी एकाला ते अजूनही आलेले नाहीत. एका शेजाऱ्याचा शिधापत्रिकेचा अर्ज लिहून दिला. सरकारी दवाखान्यात एका आजाऱ्याची विचारपूस केली. रस्त्यावर फुटलेल्या बाटलीच्या काचा उचलल्या. धाकट्या भावाशी फोनवर चढ्या आवाजात बोललो आणि अजून त्याला पुन्हा फोन केलेला नाही. एवढेच. माझ्या नसण्याने यांतले काहीही अडले नसते. मुलांना दुसऱ्या कोणी शिकविले असते, काचा कोणाच्या तरी टायरने बाजूला केल्या असत्या.

पुण्यात संगणक कंपनीत नोकरी करणारा माझा पुतण्या गेल्या सुटीत आला होता. माझी वही पाहून तो हसत म्हणाला, "चाचा, एवढ्याने जगात काय फरक पडतो?" त्याच्या बोलण्यात उपहास नव्हता. त्याच्या पिढीला लहानपणापासून सांगितले गेले आहे की जग बदलता आले पाहिजे, परिणाम मोजता आला पाहिजे. आणि मग तिशी ओलांडताना त्यांना दिसते की आपण काहीच बदललेले नाही. तो खरे म्हणजे स्वतःविषयी विचारीत होता. मी तेव्हा काहीतरी धर्मवचन सांगून वेळ मारून नेली. हा लेख म्हणजे त्याला द्यावयाचे राहिलेले उत्तर आहे, आणि लिहिता लिहिता ते माझ्यावरच उलटले आहे.

प्रथम आमच्या गावाकडेच पाहू. जुन्या गॅझेटियरमध्ये जालन्याच्या नावाची एक परंपरागत कथा नोंदलेली आहे. या गावाला पूर्वी जनकपूर म्हणत; पुढे येथील एका संपन्न मुस्लिम व्यापाऱ्याच्या इच्छेवरून ते नाव बदलले. हा व्यापारी जुलाहा, म्हणजे विणकर होता आणि त्याने गावावर मोठे उपकार केले होते, असे ती कथा सांगते. ऐतिहासिकदृष्ट्या ती कितपत टिकेल हे इतिहासकारांनी पाहावे. मला मात्र तिच्यातील एका गोष्टीचे नेहमी नवल वाटते. ज्याच्यामुळे लाखोंच्या तोंडी हे नाव रोज येते असे म्हणतात, त्याचे स्वतःचे नाव त्या नोंदीत नाही. त्याने कोणते उपकार केले तेही नाही. विहीर बांधली की उपाशी माणसांना धान्य दिले, की नुसती उधारी माफ केली? काही ठाऊक नाही. आपल्याला त्याचा व्यवसाय तेवढा कळतो.

याउलट आमच्याच जिल्ह्याच्या उत्तर भागात आसई आहे. तेथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी इंग्रजांची फौज शिंदे व भोसले यांच्या फौजांशी लढली आणि पुढे वेलिंग्टन म्हणून जगभर गाजलेल्या सेनापतीचे भाग्य उजळले. तो दिवस जगाच्या इतिहासग्रंथांत आहे. जगावर परिणाम म्हणतात तो हाच असेल, तर जालना जिल्ह्यात तो निश्चितच घडून गेला आहे. केळणेच्या काठी जी माणसे मरून पडली त्यांना मात्र तो परिणाम कसा वाटला असता, ते इतिहासग्रंथ विचारीत नाहीत.

सूरह रअदच्या सतराव्या आयतीत पुराचे एक चित्र आहे. पाण्यावर फेस चढतो, तोच आधी डोळ्यांत भरतो. पण तो वाळून निघून जातो आणि लोकांच्या उपयोगाचे असते ते जमिनीत राहते. आम्ही मराठवाड्यातली माणसे हे चित्र कुंडलिकेच्या काठी दर पावसाळ्यात पाहतो, अर्थात पाऊस झाला तर.

तरीही विणकराच्या कथेवर फार विसंबू नये. तिच्यात एक फसवे सांत्वन दडलेले आहे: आज माझे काम लहान दिसत असले तरी उद्या कधीतरी त्याचा वृक्ष होईल, गाव माझे नाव घेईल. होईलच असे नाही. बहुतेकांचे होत नाही. दिव्य कुरआनने दिलेले आश्वासन वेगळे आहे. सूरह यासीनच्या बाराव्या आयतीत अल्लाहने म्हटले आहे की माणसांनी जे पुढे पाठविले ते आणि त्यांचे 'आसार' आम्ही लिहून ठेवतो. अरबीत आसार म्हणजे मागे उरलेले परिणाम, आणि आसार म्हणजे वाळूत उमटलेली पावलेही. या शब्दाशी जोडला जाणारा एक प्रसंग सहीह मुस्लिममध्ये आहे. मदीनेतील बनू सलमा या कुळाची घरे मशिदीपासून दूर होती. मशिदीजवळ जागा रिकामी झाली तेव्हा त्यांना तेथे राहावयास यावेसे वाटले. आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना आपल्याच घरांत राहण्यास सांगितले, कारण त्यांची पावले लिहिली जात होती.

एखादे पाऊल जगावर काय परिणाम करते? काहीच नाही. वाऱ्याची एक झुळूक आली की ठसा पुसला जातो. त्या दूरच्या वस्तीतून पहाटेच्या अंधारात निघालेल्या माणसाने जगात कोणताही फरक पाडला नव्हता, आणि तरी त्याचे प्रत्येक पाऊल नोंदीत होते. ज्या वहीत पावले लिहिली जातात तिच्यातील रकाने आपल्या वहीपेक्षा निराळे आहेत, एवढे यावरून माझ्या ध्यानात येते. बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत तर असेही आले आहे की प्रेषितांना सर्व समुदाय दाखविण्यात आले, तेव्हा एखाद्या पैगंबराबरोबर एखाद-दुसराच माणूस होता आणि एखाद्याबरोबर कोणीही नव्हता. पैगंबर, आणि एकही अनुयायी नाही! माझ्या पुतण्याच्या मापाने त्यांचे आयुष्य फुकट गेले असेच म्हणावे लागेल. ह. नूह (अ.) आपल्या लोकांत साडेनऊशे वर्षे राहिले आणि त्यांच्यावर श्रद्धा ठेवणारे थोडेच निघाले, हे तर कुरआनच सांगतो. फळ देणे हे आपल्या हाती नाही. ते आपल्याकडून मागितलेलेही नाही.

येथे लेख संपविता आला असता, आणि एकेकाळी मी तो येथेच संपविला असता. पण मला वडिलांचे जास्तीचे चार आणे आठवतात.

२०१२-१३ चा दुष्काळ आमच्या पिढीतला कोणीही जालनेकर विसरणार नाही. त्या वर्षी महाराष्ट्रात सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांत आमचा जिल्हा होता. निजामकाळात बांधलेला घाणेवाडीचा तलाव, ज्याचे पाणी उताराने शहरात येते, तो कोरडा पडला. नळ म्हणजे भिंतीवरची शोभा झाली होती. टँकर आला की गल्लीत भांडी, भांडणे आणि आरडाओरडा. आमच्या घरी बोअर होता. बारीक धारेने का होईना, पाणी येत होते. सुरुवातीला मी शेजाऱ्यांना रोज दोन-दोन हंडे देत असे. मग धार आणखी बारीक झाली, मोटार जळण्याची भीती वाटू लागली आणि घरात कुरबुर सुरू झाली. मे महिन्याच्या एका संध्याकाळी मागच्या गल्लीतली एक म्हातारी रिकामी कळशी घेऊन दारात उभी राहिली. तिला आम्ही खाला म्हणत असू. मी तिला सांगितले, "खाला, आज पाणी आलेच नाही." पाणी आले होते. टाकी पाऊण भरलेली होती. ती काही बोलली नाही, कळशी कमरेवर घेऊन निघून गेली. दुसऱ्या दिवशी ती आली नाही, पुढेही आली नाही. दोन वर्षांनी तिचे निधन झाले. मी तिच्या जनाज्याच्या नमाजला गेलो होतो.

एक कळशी पाणी. मी ते दिले असते तर दुष्काळ हटला नसता, आणि न दिल्याने तो वाढलाही नाही. तिला त्या रात्री दुसरीकडून पाणी मिळाले असेल, बहुधा मिळालेच असेल. माझा जगावरील परिणाम किती लहान आहे हे मला इतर कोणत्याही वेळी इतके सोयीचे वाटले नव्हते. बुखारीमधील एका हदीसमध्ये, ज्यांच्याकडे न्यायदिनी अल्लाह दृष्टीही टाकणार नाही अशा माणसांत, वाटेवर गरजेहून जास्त पाणी असूनही ते वाटसरूला नाकारणारा एक माणूस मोजला आहे. ती हदीस मला तेव्हाही पाठ होती. माझ्याकडचे पाणी 'जास्त' होते की नव्हते, यावर मी पुष्कळ वर्षे स्वतःशी वाद घातला. पाऊण टाकी!

चांगुलपणा करताना ज्या लहानपणाने आपण खचून जातो, त्याच लहानपणाच्या आड आपण वाईट करताना लपतो. अपूर्णांक शिकविल्याने काय होणार, म्हणून निराश होणारा मी आणि एका कळशीने काय होणार, म्हणून निश्चिंत झालेला मी, दोघे एकच. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ डेरेक पार्फिट यांनी १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात एक दृष्टांत कल्पिला आहे, तो जालन्याच्या माणसाने वाचावा असा आहे. वाळवंटात हजार माणसे तहानेने व्याकूळ पडली आहेत. दुसरीकडे हजार जणांजवळ प्रत्येकी थोडे-थोडे पाणी आहे. प्रत्येकाने आपले पाणी एका टँकरगाडीत ओतले आणि ती गाडी तहानलेल्यांकडे गेली. आता कोणा एकाच्या पाण्याचा हजारावा भागच प्रत्येक तहानलेल्याच्या वाट्याला येतो. त्याने त्याची तहान जाणवण्याइतकीही कमी होत नाही. म्हणून त्या एकाने पाणी ओतले काय किंवा न ओतले काय, सारखेच, असे म्हणता येईल काय? पार्फिट यांचे म्हणणे होते की परिणाम जाणवण्याइतका नसला तरी कृत्य योग्य किंवा अयोग्य असू शकते; अनेकजण मिळून काय घडवीत आहेत ते पाहिले पाहिजे. पार्फिट यांनी ते परलोक न मानता, केवळ तर्काने मांडले. सूरह जिलजालच्या शेवटच्या दोन आयती ज्याच्या कानांवर बालपणापासून पडल्या आहेत, आणि तराजूत मोहरीच्या दाण्याएवढे कर्मही आणले जाईल हे सूरह अंबियात ज्याने वाचले आहे, त्याला हे अपरिचित वाटू नये. पण पाठांतर आणि ओळख यांत पुष्कळ अंतर असते.

आमच्या भूमीत तर हा दृष्टांत उलट्या बाजूने रोज घडतो. मराठवाड्याचा खडक काळा बेसाल्ट आहे. पाणी राहते ते वरच्या झिजलेल्या थरांत व भेगांत. खाली फारसे नसते. एकाने बोअर घेतला, म्हणून शेजाऱ्याने घेतला. त्याचा आटला म्हणून त्याने आणखी खोल नेला. प्रत्येकाच्या उपशाने भूजल कितीसे घटले? मोजता येणार नाही इतके. सर्वांचे मिळून गावची विहीर आटली. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यात साठ मीटरपेक्षा खोल विहिरींना मनाई आहे. ती किती पाळली जाते हे बोअरच्या गाड्या पाहणाऱ्यांना सांगावे लागत नाही. या पापाचा धनी कोण? कोणीच नाही असे वाटते, कारण प्रत्येकजण हजारावा भाग आहे.

आणि त्याच दुष्काळात आमच्याच तालुक्यातील कडवंची गावच्या द्राक्षबागा उभ्या होत्या. तेथे १९९६ च्या सुमारास खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या आणि विजयअण्णा बोराडे यांच्या मार्गदर्शनाखाली पाणलोटाचे काम सुरू झाले होते. डोंगरउतारावर चर, बांधबंदिस्ती, नाल्यांवर बंधारे, पुढे शेततळी. शेततळ्यांविषयी माझ्या काही शंका आहेत. अनेक ठिकाणी विहिरीचेच पाणी उपसून ती भरतात आणि ते साठवण नव्हे, एकाच्या ताटातले दुसऱ्याच्या ताटात ओढणे होय. पण कडवंचीत आधी पाणी मुरविले गेले, आणि ते महत्त्वाचे. एका शेतातल्या एका बांधाने काय अडते? एक घमेले माती, थोडासा ओलावा. घाणेवाडीचा तलाव कोरडा पडला तेव्हा जालन्याच्या नागरिकांनीही वर्गणी काढून त्यातील गाळ उपसविला आणि शेतकऱ्यांनी तो आपल्या शेतांत नेऊन टाकला. त्या वर्गणीत मीही काही रक्कम दिली होती. खाला परत गेल्यानंतरची ती गोष्ट आहे, हे वहीत लिहिताना मी बरेच दिवस टाळले.

बंदोंचे हक्क, हुकूकुल इबाद, तौबेने आपोआप फिटत नाहीत; ज्याचा हक्क आहे त्याच्याकडून तो माफ करून घ्यावा लागतो, ही आपली शिकवण सर्वांना ठाऊक आहे. ज्याचा हक्क तो या जगात नसेल तर त्याच्या वारसांकडे जावे, त्याच्यासाठी दुआ करावी, त्याच्या नावे सदका करावा, असे उलमा सांगतात. वारसांकडे जाण्याचे धैर्य होण्यास मला कित्येक वर्षे लागली. गेल्या महिन्यातील एका जुमेरातला मी खालांच्या मुलीकडे गेलो. ती आता जुन्या जालन्यात राहते, शिवणकाम करते. मी सर्व सांगितले: ती संध्याकाळ, पाऊण टाकी, माझे खोटे बोलणे. ऐकताना तिने मशीन थांबविले होते.

ती म्हणाली, "भाई, त्या साली अम्मी किती दारांवरून परत आली ते मोजणार कोण? तुमच्या दाराचे तिने कधी नाव घेतले नाही." मग थोड्या वेळाने म्हणाली, "एका घराचे मात्र घेत असे. मशिदीमागे भाड्याच्या खोलीत एक हमाल राहत होता. टँकरमधून मिळालेल्या त्याच्या चार घागरींतली एक तो रोज आमच्या उंबऱ्यावर ठेवून जाई. आम्हाला त्याचे नावही ठाऊक नव्हते. अम्मी शेवटपर्यंत त्याच्यासाठी दुआ करीत होती."

तिने मला माफ केले. अगदी सहज केले, चहा करण्यास उठता उठता. तिच्या दृष्टीने त्यात माफ करण्यासारखे काही उरलेलेच नव्हते. घरी परतताना मी सुटलो असे मला वाटावयास हवे होते. पण माझ्या मनात ते खोलीतले चार घागरींचे घर राहिले. त्या हमालालाही आपण जगात काही फरक पाडला असे कधी वाटले नसणार. गाव सोडून तो कुठे गेला हे तिलाही माहीत नाही.

पुतण्याला मी हे सर्व फोनवर सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, "त्या हमालाची घागर आणि तुमची टाकी, दोन्ही लिहिलेले असेल, असेच ना चाचा?" मी हो म्हणालो. त्याने पुढे काही विचारले नाही. फक्त आपल्या इमारतीत रात्री उशिरा पोचणाऱ्या सामान पोचविणाऱ्या मुलांना पिण्याचे पाणी कोणी विचारीत नाही, असे जाता जाता म्हणाला.

मुस्लिममधील एका हदीसनुसार सोमवारी व जुमेरातला स्वर्गाची द्वारे उघडली जातात आणि अल्लाहशी कोणालाही भागीदार न करणाऱ्या प्रत्येक दासाला क्षमा केली जाते. ज्या दोघा भावांत वैर आहे त्यांच्याबाबत मात्र, ते समेट करीपर्यंत थांबा, असे सांगितले जाते. घड्याळात सव्वासहा झाले आहेत. मगरीबला अजून अर्धा तास आहे. दारातला रांजण सकाळी भरला होता, तो तळाला गेला असेल. तो भरावयाचा आहे. त्याआधी धाकट्या भावाला फोन करतो.